बाबासाहेबांनी धम्म आधी वाचला, मग घेतला



परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपल्या वस्तीतल्या लहान पोरांना पण पाठ आहे, तेव्हा जन्मापासून सांगत बसत नाही. आम्ही बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये पाळीवर काम करणारे. कागद आम्ही बनवतो, पण त्यावर छापलेले वाचायची गोडी लागली ती बाबासाहेबांमुळे. म्हणून त्यांच्या वाचनाबद्दलच दोन शब्द लिहितो.

शाळकरी वयात केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे जॉन ड्यूईसारखा नामांकित तत्त्वज्ञ त्यांचा शिक्षक. मग लंडन. एवढी विद्या घेऊन १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आले, तर राहायला खोली मिळेना! नाव बदलून पारशांच्या सरायीत उतरले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले, सराय सोडावी लागली. कचेरीत शिपाई फायली लांबूनच टाकायचे. पुस्तकात सगळी माणसे सारखीच असतात, बडोद्यात नव्हती.

दुसरा कोणी पुस्तकातच तोंड खुपसून बसला असता. बाबासाहेबांनी वाचन सोडले नाही, पण तिथेच थांबले पण नाहीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेने पण तसा ठराव केला. दोन्ही कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याची पायरी उतरले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ ला. मधली २१ वर्षे काय करत होते, असे नवी पोरे आम्हाला विचारतात. बाबासाहेब पारखून पाहत होते. निरनिराळ्या धर्मांचे पुढारी भेटून गेले, शीख धर्माचा विचार तर बराच पुढे गेला होता. राजगृह बांधले तेच मुळी पुस्तकांसाठी. सिलोन, ब्रह्मदेश स्वतः जाऊन पाहिले. आणि बुद्धावर एवढी श्रद्धा, तरी लिहिले आहे म्हणून मानले, असे नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही जुनी कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा तंटा झाला, त्यातून गृहत्याग घडला, असे त्यांनी मांडले. कालाम लोकांना बुद्धांनी हेच तर शिकवले होते.

१४ ऑक्टोबरला नागपुरात चंद्रमणी महास्थवीरांकडून स्वतः दीक्षा घेतली, मग जनतेला दिली. प्रकृती पार ढासळलेली, तरी १६ तारखेला मोटारीने आमच्या चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी सगळी तयारी केली होती.

आमचा आजा मूलकडून बैलबंडीने आला होता. अक्षरशत्रू माणूस. बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांच्या मागे म्हटल्या, घरी जाऊन देव्हारा रिकामा केला, मेलेली ढोरे ओढणे बंद. गावाने काम दिले नाही, दोन वर्षे जंगलातल्या मोहा-टेंभरांवर काढली. आणि आम्ही? ग्रंथ तीनदा वाचलेला, वर्षावासात इतरांना समजावून सांगणारे. धाकटा पोरगा तापाने फणफणला तेव्हा रात्री गुपचूप त्याच्या दंडाला दोरा बांधून आणला आणि वरून बाही ओढली. आज्याने पाहिले. हे ग्रंथाच्या कोणत्या पानावर आहे, एवढेच विचारले अन् विळ्याने दोरा कापला. पोराला आम्ही सकाळी दवाखान्यात नेले.

चांद्यानंतर बाबासाहेब फक्त ५१ दिवस होते. शेवटच्या रात्री पण त्यांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलेले कागद मागवून घेतले. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये. चांद्याच्या मैदानावर हात जोडून उभ्या असलेल्या आमच्या माणसांपैकी कोणीही तो तेव्हा वाचलेला नव्हता.