सत्तावीस वर्षांची तयारी

सहलीचा दिवस ठरला कीं आपले विद्यार्थी आदल्या रात्रीं पिशवी भरावयास बसतात. कोणी पाण्याचें भांडें विसरतो, कोणी नवे बूट घालून येतो व दुपारीं पायाला फोड आल्यामुळें झाडाखालीं बसून राहतो. त्यांना हंसण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या वयाचे असतांना आम्हीही तसेंच करीत होतों. परंतु एका पर्वतावर जाण्यासाठीं ज्यानें सत्तावीस वर्षें तयारी केली, अशा एका थोर पुरुषाचें चरित्र आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस सादर करावें, असें यंदा आमच्या मनांत आलें आहे.

ओरास बेनेदिक्त द सोस्यूर हा १७४० सालच्या फेब्रुवारीच्या १७ व्या तारखेस जिनिव्हा शहराजवळ जन्मला. त्या काळीं जिनिव्हा हें एक लहानसें स्वतंत्र प्रजासत्ताक होतें. घर सुखवस्तु होतें, आणि मावशीचे यजमान शार्ल बोने हे नामांकित सृष्टिशास्त्रज्ञ असल्यामुळें मुलाला वनस्पतींचें वेड लहानपणींच लागलें. बर्न येथील थोर पंडित अलब्रेख्त फॉन हालर यांच्यासाठीं वनस्पति गोळा कराव्या, या हेतूनें वयाच्या विसाव्या वर्षीं, म्हणजे १७६० सालीं, तो पायीं शामोनीच्या खोऱ्यांत गेला. तेथें समोरच्या डोंगरावर चढून त्यानें मों ब्लां हें शिखर जवळून पाहिलें, आणि तेव्हांपासून तें त्याच्या मनांतून गेलें नाहीं.

या शिखराची उंची सुमारें १५,७७० फूट आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट. त्यावर तोंपर्यंत कोणाचेंही पाऊल लागलें नव्हतें. वरती रात्र काढणारा मनुष्य थंडीनें जिवंत परत यावयाचा नाहीं, अशी खोऱ्यांतील लोकांची खात्री होती. सोस्यूरनें गांवोगांवीं जाहीर केलें कीं, शिखराची वाट जो शोधून काढील त्यास आपण मोठें बक्षीस देऊं. शिवाय वाट शोधण्यांत ज्यांचे दिवस फुकट जातील, त्यांची मजुरीही भरून देऊं, असें त्यानें सांगितलें. ही दुसरी गोष्ट आम्हांला पहिलीपेक्षां अधिक मोलाची वाटते. शामोनीचे लोक स्फटिक शोधून व रानबकऱ्यांची शिकार करून पोट भरीत. एक दिवस फुकट गेला तर त्यांच्या घरीं भाकरीची चणचण पडे. श्रीमंतानें आपल्या हौसेचा भार गरिबाच्या चुलीवर टाकूं नये, हें त्या विशीतल्या तरुणास समजलें होतें.

पुढें बाविसाव्या वर्षीं तो जिनिव्हाच्या विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचा अध्यापक झाला. १७६५ सालीं त्याचें लग्न झालें व यथाकाल तीन मुलें झालीं. तथापि प्रत्येक उन्हाळ्यांत तो आल्प्स पर्वतांत जाई. खडकांचे थर पाही, हवेचा दाब मोजी, वाटा चालून पाय व छाती घोटवून घेई. हवेंतील ओलावा मोजण्यासाठीं मनुष्याच्या केसाचा उपयोग करून त्यानें एक यंत्र बनविलें व त्याचें वर्णन १७८३ सालीं प्रसिद्ध केलें. या प्रवासांचा मोठा ग्रंथ त्यानें चार भागांत लिहिला. त्याचा पहिला भाग १७७९ सालीं व शेवटचा १७९६ सालीं निघाला. घरीं मात्र त्याच्या पत्नीचा जीव टांगणीस लागलेला असे. नवऱ्यास पर्वताचें वेड, मुलें लहान, आणि प्रत्येक वाटेवर खोल दऱ्या! तिची काळजी त्याला कळत नव्हती असें नाहीं. पण तें शिखर दिसलें कीं त्याच्या हृदयांत कळ उठे.

१७८५ सालच्या सप्टेंबरांत त्यानें स्वतः एक प्रयत्न केला. वाटेंत दगडांची एक झोंपडी आधीं बांधवून घेतली होती. परंतु नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फामुळें पुढें जाणें धोक्याचें दिसतांच तो परत फिरला. पंचवीस वर्षांची इच्छा समोर उभी असतां माघारें वळावयास केवढें धैर्य लागत असेल, याचा विचार आमच्या उतावळ्या तरुणांनीं अवश्य करावा.

अखेर ८ ऑगस्ट १७८६ रोजीं संध्याकाळीं शामोनीचा वैद्य मिशेल गाब्रिएल पाकार व स्फटिक शोधणारा जाक बाल्मा हे दोघे शिखरावर पोंचले. बाल्मानें जिनिव्हास जाऊन सोस्यूरकडून आपलें बक्षीस घेतलें. पुढें कांहीं लोकांनीं बाल्माचीच वाहवा करून वैद्याचें नांव मागें ढकललें. खालून दुर्बिणीनें ही चढाई पाहणाऱ्या एका जर्मन प्रवाशाच्या टिपणांमुळें विसाव्या शतकांत खरी हकीकत उजेडांत आली. शामोनींत बाल्मा व सोस्यूर यांचा पुतळा १८८७ सालीं उभा राहिला, तर पाकारचा १९८६ सालीं. सत्याला उशीर होतो, पण तें वाट चुकत नाहीं.

पहिला मान दुसऱ्यांना मिळाला म्हणून सोस्यूर हिरमुसला नाहीं. त्याला शिखरावर जावयाचें होतें तें हवा, उष्णता व पर्वतांची रचना यांचें ज्ञान मिळविण्यासाठीं. त्या वर्षीं हवेनें साथ दिली नाहीं. १७८७ च्या जुलैंत तो पत्नी, दोन मेव्हण्या व मुलें यांसह शामोनीस येऊन राहिला. बाल्मानें दोन सोबत्यांसह पुन्हा वर जाऊन वाट ठीक असल्याची खात्री करून घेतली होती. त्यानंतर जवळजवळ चार आठवडे पाऊस लागला; सोस्यूर थांबून राहिला.

त्याची तयारी कशी होती, तें आतां नीट पाहा. बरोबर अठरा वाटाडे व एक घरचा नोकर. सामानांत तंबू, अंथरूण, बर्फाच्या भेगा ओलांडण्यास शिड्या, दोर, लोखंडी टोकांच्या लांब काठ्या, बर्फ वितळवून पाणी करण्यास शेगडी व कोळसे, आणि वायुभारमापक, उष्णतामापक वगैरे नाजूक यंत्रें. बर्फाच्या चकाकीनें डोळे जाऊं नयेत म्हणून तोंडावर घ्यावयास काळें झिरझिरीत कापड. आकाशाचा निळेपणा ताडून पाहण्यासाठीं फिकट निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत रंगविलेले कागदही त्यानें घेतले होते. वडील मुलास त्यानें शामोनींत यंत्रांपाशीं बसविलें, आणि जिनिव्हांतही एका विद्वान् मित्राकडे तेंच काम सोंपविलें. कारण वरचा आंकडा खालच्याशीं ताडून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नसतो.

१ ऑगस्ट रोजीं मंडळी निघाली. पहिली रात्र खडकावर, हिमनदीच्या कांठीं गेली. दुसऱ्या दिवशीं भेगा चुकवीत सुमारें १२,७०० फुटांवर बर्फांतच मुक्काम केला. तंबूसाठीं बर्फ खणतांना, एरवीं दिवसभर न थकणारे ते गडी पांचसहा फावडीं मारतांच दम घेऊं लागले. विरळ हवेचा हा प्रभाव! रात्रीं थंडीच्या भीतीनें सर्वजण एकाच तंबूंत दाटीनें निजले, आणि श्वासांनीं हवा इतकी कोंदट झाली कीं सोस्यूरला उठून बाहेर यावें लागलें. बाहेर चांदणें पडलें होतें.

३ ऑगस्टला सकाळीं अकराच्या सुमारास तो शिखरावर पोंचला. शेवटच्या चढावर कांहीं पावलें टाकलीं कीं थांबावें लागे. पोंचतांच त्यानें प्रथम खालीं शामोनीकडे पाहिलें. तो वर दिसतांच निशाण उभारण्याचें पत्नीनें व मेव्हण्यांनीं कबूल केलें होतें. तें निशाण फडकतांना दिसलें, तेव्हां त्यांची काळजी सरली हें जाणून त्याचें मन निवलें. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली, तरी बर्फ तुडवितांना त्याला आनंदापेक्षां एक प्रकारचा रागच अधिक आला, असें त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें आहे. आम्हांला ही कबुली फार आवडते. थोर माणसें आपल्या मनाशीं खोटें बोलत नाहींत.

तेथें तो साडेचार तास काम करीत होता. पाणी शतमानाच्या सुमारें ८६ अंशांवरच उकळलें. विश्रांतीनंतरही त्याची नाडी मिनिटास १०० वेळां चाले. शामोनींत ती ७२ असे. भूक कोणासच नव्हती, तहान मात्र सर्वांस लागली होती. दुसऱ्या दिवशीं सर्व मंडळी सुखरूप गांवांत परतली. डोळे व चेहरे शाबूत राहिले, तें त्या साध्या काळ्या कापडामुळें!

शिखरावर सर्व प्रयोग पुरे झाले नाहींत, ही रुखरुख त्याला राहिली. म्हणून १७८८ सालीं मुलाला घेऊन तो सुमारें ११,००० फुटांवरील एका खिंडींत सतरा दिवस राहिला व रात्रंदिवस निरीक्षणें करीत राहिला. पुढें फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्याची मालमत्ता बुडाली. अर्धांगवायूनें शरीर खचलें. आणि २२ जानेवारी १७९९ रोजीं तो निवर्तला. ज्या मुलास त्यानें यंत्रांपाशीं बसविलें, तो थेओदोर पुढें वनस्पतींच्या रसायनशास्त्राचा मोठा पंडित झाला.

सोस्यूरचा धडा सर्वच विसरले नसते तर बरें होतें. १८२० सालीं एका टोळीनें वाईट हवेंतही पुढें जाण्याचा हट्ट धरला, आणि बर्फाचा कडा कोसळून तीन वाटाडे मरण पावले. त्यानंतर १८२१ सालीं शामोनीच्या वाटाड्यांची संघटना स्थापन झाली. ती आजही चालू आहे. हट्ट एकाचा असतो, पण प्राण पुष्कळदां दुसऱ्याचे जातात. म्हणून वाट जाणणारा थांबा म्हणाला, तर थांबावें.

शेवटीं एक गोड गोष्ट सांगून रजा घेतों. या पितापुत्रांच्या स्मरणार्थ वनस्पतींच्या एका कुळीला सोस्युरिया असें नांव पडलें, आणि हिमालयाच्या उंच उतारांवर उमलणारें खरें ब्रह्मकमळ याच कुळींतलें आहे. आपल्या अंगणांत रात्रीं फुलणारें आणि त्याच नांवानें ओळखलें जाणारें फूल मात्र निवडुंगाच्या जातीचें, अमेरिकेंतून आलेलें आहे. जो तरुण एकेकाळीं दुसऱ्यासाठीं फुलें वेंचावयास पर्वताकडे निघाला, त्याचें नांव पर्वतावरच्या फुलानेंच जपून ठेवावें, याहून सुंदर स्मारक तें कोणतें?