थोर गणिती भास्कराचार्य

कला शाखेत आलो म्हणजे गणिताची कटकट संपली, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. तरीही एका गणितज्ञाचे चरित्र आपण जरूर वाचावे. ते म्हणजे भास्कराचार्य.

शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ साली त्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे त्यांचे गाव. ते नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

बीजगणितात माकडांच्या कळपाचे एक उदाहरण आहे. कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग केल्यावर येईल तेवढी माकडे रानात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. तर एकूण माकडे किती? आपल्या शाळेच्या रीतीने मांडले, तर क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० हे वर्गसमीकरण मिळते. त्याचे अवयव (क्ष − ४८) व (क्ष − १६). गुणाकार शून्य, तेव्हा दोहोंपैकी एक अवयव शून्य असलाच पाहिजे. म्हणून माकडे ४८ किंवा १६. ताळा दोहोंचाही जुळतो आणि भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे मान्य केली. ते स्वतः अवयव पाडत नसत, वर्ग पूर्ण करून उत्तर काढत. ती रीत श्रीधराचार्यांची, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करून वर्ग केला आहे. तेवढी माकडे गुहेत गेली आणि एकच बाहेर दिसते. उत्तरे येतात ५० आणि ५. पण ५ घेतले, तर वर्गापूर्वीची संख्या उणे २ होते. उणे संख्येला ते ऋण म्हणत. आमच्या उत्तनच्या कोळीवाड्यात होडीसाठी काढलेले ऋण म्हणजे काय, हे न शिकलेल्यालाही समजते. पैशाच्या हिशोबात उणे २ खरे असते. पण उणे दोन माकडे कोणी पाहिली आहेत? लोकांना हे पटणार नाही, म्हणून त्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले.

पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तेथील शिलालेख सुमारे १२०७ सालचा असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातील मालावर ग्राहकांकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे बाजारहाट करणाऱ्या साध्या माणसांच्या पैशावर हे गणित पुढच्या पिढीला मिळाले!

मासळी विकून फी भरणाऱ्या घरांतून प्रथमच कॉलेजात आलेल्या आम्हां मुलांना म्हणूनच भास्कराचार्य परके वाटत नाहीत.

— द्वितीय वर्ष बी. ए., उत्तन