दुर्बिणीला तिसरा आयपीस घेताय? आधी हिंगणघाटच्या लॅम्बटनची गोष्ट वाचा

सीताबर्डी (नागपूर) : पहिली दुर्बीण घरी आली, दोन-चार रात्री गच्चीवरून चंद्र पाहून झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला : आणखी कोणता आयपीस घ्यायचा? मोबाइलवर शोधताना बहुतेकांचे बोट सर्वांत मोठ्या आकड्याच्या जाहिरातीवर थांबते. इथेच पैसे वाया जातात. दुसरी एक चूक तर थेट डोळ्यावर बेतते. बर्डीपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, हिंगणघाटला ज्याची कबर आहे, त्या विल्यम लॅम्बटनने तिची किंमत मोजली होती.

कोण होता लॅम्बटन?

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील साध्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा गणिताच्या बळावर सैन्यात पोहोचला. तरुणपणी उत्तर अमेरिकेत जमीन मोजण्याचे काम करताना त्याने काळ्या काचेशिवाय सूर्यग्रहण पाहिले आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली.

पुढे पलटणीबरोबर तो भारतात आला. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत एका रात्री इंग्रजांची तुकडी वाट चुकून उलट्या दिशेने, शत्रूच्या तळाकडे निघाली होती. ताऱ्यांकडे पाहून ही चूक ओळखणारा लॅम्बटनच होता.

त्याची यंत्रे कुठून आली?

दक्षिण भारत अचूक मोजण्याचा त्याचा प्रस्ताव मंजूर झाला. डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचा कोन मोजणारी दुर्बीण, म्हणजे झेनिथ सेक्टर, त्याला कोलकात्यात मिळाली. चीनच्या बादशहाकडे गेलेल्या इंग्रज शिष्टमंडळाच्या सामानातली ती होती. बनवणारा होता लंडनचा जेसी रॅम्सडेन. दोन भिंगांचा एक आयपीस आजही याच रॅम्सडेनच्या नावाने ओळखला जातो.

सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडला, मॉरिशसला नेला आणि नंतर सन्मानाने परत पाठवला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पहिल्या पायारेषेची मोजणी सुरू झाली. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून हाच थिओडोलाइट आपटला. दुसरा मागवायचा तर वर्षे गेली असती. लॅम्बटनने सहा आठवडे खपून तो स्वतः दुरुस्त केला. एका कोनातली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात जाते. त्यामुळे खूण किती मोठी दिसते यापेक्षा ती किती रेखीव आणि स्थिर दिसते, याला त्याच्या कामात किंमत होती.

१८१८ मध्ये या कामाला 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट सहायक म्हणून आला. मुक्काम नागपूरला हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला लॅम्बटनचा मृत्यू झाला. काम पुढे एव्हरेस्टने नेले. शिखराला नाव त्याचे लागले, लॅम्बटन मात्र विदर्भाच्या मातीत राहिला.

मग तुमचा तिसरा आयपीस कोणता?

हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसवरच्या आकड्याने भागा. समजा, दुर्बीण ७० मिमी व्यासाची आणि ७०० मिमी नाभीय अंतराची आहे. सोबत आलेला २५ मिमीचा आयपीस २८ पट आणि १० मिमीचा ७० पट मोठे दाखवतो. उपयोगी वर्धनाची मर्यादा व्यासाच्या साधारण दुप्पट, म्हणजे इथे १४० पट.

- ४ मिमी : १७५ पट. चित्र मोठे, पण अंधूक आणि थरथरते. घेऊ नका.
- ६ मिमी : सुमारे ११७ पट. हवा स्थिर असेल त्या रात्री गुरू-शनीसाठी चांगला.
- ३२ मिमी : सुमारे २२ पट. शहराबाहेर तारकागुच्छ पाहायचे असतील तर हाच आधी.
- २ पट बार्लो : आहे त्याच दोन आयपीसमधून ५६ आणि १४० पट. बजेट कमी असेल तर सोयीचा.

स्वस्त संचातल्या आयपीसवर 'एसआर' असेल, तर त्यातला 'आर' रॅम्सडेनचा. त्याच्या काळात ही मोठी सुधारणा होती. आज प्लॉसल प्रकारचा आयपीस त्याहून रुंद दृश्य दाखवतो. चष्मा असेल तर डोळा काचेपासून थोडा लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसते का, हे पाहा. घेण्याआधी नळीचे माप तपासा. सव्वा इंच हे आज सर्वाधिक चालणारे माप आहे.

शेवटची गोष्ट, लॅम्बटनच्या डोळ्याची. आयपीसवर बसवायचा छोटा 'सन फिल्टर' संचात आला असेल, तर तो वापरू नका. तिथे सूर्याची उष्णता एकवटते आणि काच अचानक तडकू शकते. सूर्यासाठीचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच लागतो. तो नसेल तर दिवसा दुर्बीण सूर्याकडे वळवू नका, मुलांच्या हाती तर नाहीच.