वेंडेल स्कॉट : जिंकलेली शर्यत आणि न मिळालेला करंडक

मोटारींच्या शर्यतींचे अनेक प्रकार आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत स्टॉक कार शर्यत हा प्रकार फार लोकप्रिय आहे. सुरुवातीच्या काळात ‘स्टॉक कार’ म्हणजे दुकानात मिळणारी साधी गाडी. तिचे इंजिन सुधारायचे, सांगाडा मजबूत करायचा आणि मातीच्या गोल मार्गावर ती पळवायची, असा हा खेळ होता. १९४८ साली बिल फ्रान्स यांनी नॅसकार ही संस्था स्थापन करून त्याला शिस्त लावली. त्या वेळचे चालक म्हणजे आसपासच्या गावांतले मेकॅनिक आणि शेतकऱ्यांची मुले. हातभट्टीची दारू रात्रीच्या वेळी पोलिसांना चुकवून पोहोचवणारेही त्यांत होते. उत्तर कॅरोलिनाचे ज्यूनियर जॉन्सन हे याच वाटेने पुढे आले. वर्जीनियाचे वेंडेल स्कॉटही तसेच. मात्र स्कॉट कृष्णवर्णीय होते, आणि त्यामुळे त्यांची वाट इतरांहून फार वेगळी झाली.

वेंडेल स्कॉट यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी वर्जीनिया राज्यातील डॅनव्हिल या गावी झाला. आपल्याकडे जसा ऊस, तसा तिकडे तंबाखू. तंबाखूची गोदामे आणि कापडाची गिरणी यांवर सारे गाव जगत असे. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला तेथे अंगमेहनतीचे आणि कमी पगाराचे काम येई. त्यांचे वडील दोन श्रीमंत गोऱ्या कुटुंबांकडे मोटार चालवीत आणि दुरुस्तही करीत. गाडीचे पहिले धडे वेंडेल त्यांच्याकडेच शिकले. आपण गिरणीत राबायचे नाही, स्वतःचा धंदा करायचा, हे त्यांनी लहानपणीच ठरवले होते. गोऱ्या मुलांबरोबर सायकलच्या शर्यती लावण्याची हौसही तेव्हापासूनचीच.

तरुणपणी त्यांनी टॅक्सी चालवली. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यातून युरोपात गेले. परत आल्यावर त्यांनी डॅनव्हिलमध्ये स्वतःचे गॅरेज काढले. गॅरेजवर घर चालेना, म्हणून रात्री हातभट्टीची दारू पोहोचवण्याचे कामही ते करू लागले. १९४९ साली ते एकदा पकडले गेले आणि त्यांना तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडण्यात आले. हा व्यवसाय काही भूषणावह नव्हता. परंतु अंधारात, वळणावळणाच्या रस्त्यावर भरधाव गाडी ताब्यात ठेवण्याची विद्या त्यांना तेथेच मिळाली.

१९५२ साली डॅनव्हिलच्या शर्यतींना प्रेक्षक कमी पडू लागले. एखादा कृष्णवर्णीय चालक उतरवला तर गर्दी होईल, असा विचार करून आयोजक चौकशीसाठी चक्क पोलिसांकडे गेले. पोलिसांनी वेंडेल स्कॉट यांचे नाव सांगितले! २३ मे १९५२ रोजी ते प्रथम शर्यतीत उतरले. काही प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, तरी मनाने त्यांनी त्या दिवशी आपला मार्ग निवडला. मग ते गाडी ओढत विन्स्टन-सेलम येथे नॅसकारच्या शर्यतीला गेले, तेव्हा कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. हाय पॉइंट येथेही तेच घडले. तेथे तर त्यांची गाडी चालेल, पण ती गोऱ्या माणसाने चालवावी, असे सुचवण्यात आले. घरी परतताना या धीराच्या माणसाला रडू आले, असे सांगतात.

तरीही त्यांनी माघार घेतली नाही. इतर छोट्या संस्थांच्या शर्यती ते जिंकत गेले, आणि पुढे रिचमंड येथे एका अधिकाऱ्याने त्यांना नॅसकारचा परवाना दिला. १९५९ साली ते स्पोर्ट्समन गटात वर्जीनिया राज्याचे विजेते ठरले. १९६१ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते ग्रँड नॅशनल या सर्वोच्च गटात दाखल झाले.

येथे त्यांची गाठ रिचर्ड पेटी, बक बेकर, नेड जॅरेट अशा मातब्बरांशी पडली. मोठ्या चालकांना मोटार कारखान्यांचे साहाय्य मिळे. नवी इंजिने, नवे टायर, पगारी मेकॅनिक असा त्यांचा थाट असे. स्कॉट यांच्याकडे जुनी गाडी, दुसऱ्यांनी टाकलेले सुटे भाग आणि मदतीला स्वतःची मुले. गाडीच्या अंगावर मेकॅनिक म्हणून त्यांनी स्वतःचाच उल्लेख रंगवला होता. इंजिन फुटले तर पुढच्या शर्यतीला जाणे अशक्य, म्हणून गाडी जपून शेवटपर्यंत नेणे त्यांना भाग होते. सात मुलांचा संसारही याच बक्षिसांच्या पैशावर चाले. त्यांच्या निकालांकडे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये.

१९६३ हे वर्ष अमेरिकेत मोठ्या खळबळीचे होते. जून महिन्यात खुद्द डॅनव्हिलमध्ये समान हक्कांसाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी बेदम मारले. २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. त्यानंतर नऊच दिवसांनी, १ डिसेंबर रोजी, फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या मार्गावर २०० फेऱ्यांची, म्हणजे १०० मैलांची, शर्यत होती. नेड जॅरेट यांच्याकडून विकत घेतलेली शेव्हरोले घेऊन स्कॉट तेथे उतरले. गाडीचा क्रमांक होता ३४.

शेवटच्या २५ फेऱ्या उरल्या असताना रिचर्ड पेटी यांची गाडी बिघडली आणि स्कॉट त्यांना मागे टाकून पुढे गेले. त्यांच्या २०० फेऱ्या पूर्ण झाल्या, पण विजयाचा चौकटींचा झेंडा हलला नाही. ते गाडी चालवीतच राहिले. २०२ फेऱ्या झाल्यावर झेंडा दाखवला गेला तो बक बेकर यांना. करंडकही बेकर यांना, साऱ्या प्रेक्षकांसमोर. स्कॉट यांनी तक्रार केली, फेऱ्यांची पुन्हा मोजणी झाली, आणि काही तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केले की स्कॉट दोन फेऱ्यांच्या आघाडीने जिंकले आहेत. तोपर्यंत प्रेक्षक घरी गेले होते. स्कॉट यांना बक्षिसाची रक्कम मिळाली, पण खरा करंडक नाही. नंतर त्यांच्या हाती दिला गेला तो लाकडाचा एक हलका, बनावट करंडक.

मोजणीत चूक होऊ शकते. परंतु एका कृष्णवर्णीयाला विजेता म्हणून लोकांसमोर उभे करण्याची आयोजकांची तयारी नव्हती, असेच स्कॉट यांना वाटले, आणि आज बहुतेक जाणकारांचेही तेच मत आहे. विजेत्याला बक्षीस देणाऱ्या तरुणीने त्याचे चुंबन घेण्याची तेथे प्रथा होती, आणि त्या काळच्या दक्षिणेत हे दृश्य सहन झाले नसते.

त्यानंतर दहा वर्षे ते शर्यतीत राहिले. १९६६ साली वर्षाच्या एकूण गुणांत ते सहावे आले. सर्वोच्च गटातील ४९५ शर्यतींत ते धावले आणि १४७ वेळा पहिल्या दहांत आले. विजय मात्र तो एकच. ६ मे १९७३ रोजी टॅलाडेगा येथील भीषण अपघातात कर्ज काढून घेतलेली त्यांची गाडी मोडली आणि ते स्वतःही जबर जखमी झाले. त्याच वर्षी आणखी एक शर्यत धावून त्यांनी मैदानाचा निरोप घेतला. १९७७ साली त्यांच्या जीवनावर चित्रपटही निघाला. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

सन्मान आले ते पुढे. २०१५ मध्ये नॅसकारच्या सन्मान दालनात त्यांना स्थान मिळाले. २८ ऑगस्ट २०२१ रोजी, त्यांच्या शंभराव्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी, डेटोना येथे जॅक्सनव्हिलच्या विजयाचा करंडक त्यांच्या कुटुंबाला प्रेक्षकांसमोर देण्यात आला. सत्तावन्न वर्षे उलटली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बबा वॉलेस टॅलाडेगा येथे जिंकले. सर्वोच्च गटात विजय मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय चालक होत.

पालकहो, मुलांना ही गोष्ट सांगताना केवळ चिकाटीचे कौतुक करून थांबू नये. स्कॉट यांच्या चिकाटीने शर्यत जिंकली, पण करंडक अडवून धरला तो इतरांनी. चांगल्या माणसाने सोसावे हे खरे, पण त्याला सोसावे लागू नये हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे. शाळेतल्या लहानशा स्पर्धेतही जो जिंकला त्याचे नाव त्याच दिवशी, सर्वांच्या देखत पुकारले गेले पाहिजे.