होडी सांभाळणारी ग्रेस

परवा रात्री दिवे गेले. बाहेर धो धो पाऊस, वारा नुसता घोंघावत होता. मेणबत्ती लावून खिडकीपाशी बसले आणि एकदम ग्रेस डार्लिंग आठवली.

मैत्रिणींनो, ग्रेसचा जन्म १८१५चा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बॅम्बरो गावातला. वडील विल्यम दीपगृहाचे राखणदार. त्यामुळे तिचं बालपण फार्न बेटांवर, चहूकडे पाणी बघतच गेलं. मोठी झाल्यावरही ती लाँगस्टोनच्या दीपगृहात आईवडिलांजवळच राहिली. घरकाम, शिवणटिपण आणि समुद्रावर लक्ष, हेच तिचं जग.

७ सप्टेंबर १८३८ची पहाट. हलहून डंडीला निघालेल्या ‘फोरफरशायर’ आगबोटीचे बॉयलर बिघडले, इंजिन बंद पडलं आणि वादळात ती खडकावर आदळून दुभंगली. बावीस वर्षांच्या ग्रेसला ती खिडकीतून दिसली. उजाडल्यावर खडकावर हलणारी माणसंही दिसली. किनाऱ्यावरून एवढ्या तुफानात मदत येणं कठीण, हे बापलेकीनं ओळखलं. आईच्या मदतीनं त्यांनी होडी पाण्यात लोटली. एरवी तीन-चार गडी लागायचे त्या २१ फुटी होडीला. इथे वल्हवणारे दोघंच! खडकांच्या आडोशानं जायचं म्हणून जवळजवळ मैलभर वळसा.

ग्रेसचं वल्हवणं सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्यानंतरची काही मिनिटं जास्त मोठी वाटतात. खडकाशी पोचल्यावर वडिलांनी उडी मारली आणि होडीत ग्रेस एकटी उरली. दोन्ही वल्ही हातात धरून तिनं होडी लाटांवर झुलत ठेवली. होडी खडकावर आपटली असती, तर सगळंच संपलं असतं. खडकावर नऊजण जिवंत होते. त्यातल्या एका आईची दोन्ही मुलं तिच्या कुशीतच गेली होती. त्या बाईला आणि चौघा पुरुषांना घेऊन पहिली खेप झाली. मग वडील वाचलेल्यांपैकी काहींना सोबत घेऊन उरलेल्या चौघांना आणायला गेले. ग्रेस घरी थांबली ती काय विसाव्याला? छे! भिजलेल्या, गारठलेल्या माणसांचं सगळं करायला!

पुढे रौप्यपदक मिळालं, व्हिक्टोरिया राणीनं ५० पौंड पाठवले. चित्रकार दारात येऊन बसायला लागले. कुणी पत्रानं तिच्या केसांची बट मागायचं, कुणी लग्नाची मागणी घालायचं. शांत स्वभावाच्या ग्रेसला या कौतुकाचा जाच झाला. क्षयानं आजारी पडून २० ऑक्टोबर १८४२ला ती गेली. वय अवघं सव्वीस!

बॅम्बरोच्या संग्रहालयात ती होडी जपून ठेवली आहे. घरावर संकट आलं की कुणी धावाधाव करतं, कुणी उडी घेतं आणि त्यांचं नाव होतं. पण तेवढा वेळ होडी कुणी सांभाळलेली असते, हे आपण विचारतो का कधी?