ज्ञानसाधक अल् बिरुनी

रमजानचा चाँद केव्हा दिसेल, असरच्या नमाजची वेळ सावलीवरून कशी ओळखावी, मक्केची दिशा म्हणजे किब्ला नेमका कुठे, हे प्रश्न श्रद्धेचे तसेच गणिताचेही आहेत. हजार वर्षांपूर्वी या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत अबू रैहान अल् बिरुनी यांचे नाव फार वरचे आहे.

त्यांचा जन्म ९७३ मध्ये ख्वारिज्म प्रांतात, आजच्या उझबेकिस्तानात झाला. इ.स. १००० च्या सुमारास त्यांनी इराणी, यहुदी, ख्रिस्ती अशा अनेक समाजांच्या कालगणना, सण आणि उपवास यांवर मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

१०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि बिरुनींना गझनीला नेले. दरबारात विद्वान म्हणून स्थान मिळाले, पण ही वाट त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती. महमूदाच्या फौजा हिंदुस्थानावर स्वाऱ्या करीत होत्या. त्याच काळात बिरुनी येथे आले आणि पंडितांजवळ बसून संस्कृत शिकले. पतंजलींचा योगविषयक ग्रंथ त्यांनी अरबीत नेला. १०३० मध्ये त्यांचा ८० प्रकरणांचा ‘किताब-उल-हिंद’ पूर्ण झाला. त्यात धर्म, तत्त्वज्ञान, गणित, ज्योतिष, तीर्थयात्रा, चालीरीती सारे आहे. कोकण आणि ठाण्याचाही उल्लेख त्यात सापडतो.

हिंदूंचे म्हणणे त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे, वाद न घालता मांडायचे, हा त्यांचा नियम होता. येथील विद्वानांच्या अहंकारावर त्यांनी टीका केली. मात्र महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळाली आणि लोकांच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा बसला, हेही त्यांनी लिहून ठेवले. त्याच सुलतानाच्या राज्यात राहून एवढे लिहिणे सोपे नव्हते.

आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्यावर त्यांनी डोंगराची उंची मोजली. माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते, तो कोन घेतला. एवढ्या दोन मापांवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. धातू आणि रत्ने पाण्यात बुडवून बाहेर सांडणाऱ्या पाण्यावरून त्यांची घनता ठरवली. खगोलशास्त्रावर ‘कानून-ए-मसऊदी’, रत्नांवर वेगळा ग्रंथ, उतारवयात औषधी द्रव्यांवर आणखी एक. साठी ओलांडल्यावर त्यांनी स्वतःच्या लेखनाची यादी केली, तेव्हा तिची संख्या शंभराच्या पुढे गेली होती. त्यांतले मोजकेच ग्रंथ आज उरले आहेत.

त्यांच्या अखेरच्या घटकेची एक आठवण जुन्या चरित्रग्रंथात आहे. भेटीला आलेल्या एका धर्मशास्त्रज्ञाला त्यांनी वारसाहक्काचा एक अवघड मुद्दा विचारला. अशा अवस्थेत हे कशाला, असे पाहुण्याला वाटले. पण तो मुद्दा न समजता जाण्यापेक्षा समजून घेऊन जग सोडलेले बरे, असे बिरुनींचे म्हणणे पडले. पाहुण्याने तो समजावला, बिरुनींनी तो मनात पक्का केला. पाहुणा निघाला आणि रस्त्यातच त्याच्या कानांवर घरातला आक्रोश आला. ते साल १०४८ च्या सुमाराचे होते.