नाशिकच्या जॅक्सन प्रकरणात ज्याचं पिस्तूल वापरलं गेलं, तो जॉन ब्राउनिंग होता तरी कोण?

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनला निरोप द्यायला 'संगीत शारदा'चा प्रयोग ठेवला होता. जॅक्सन आत शिरला आणि अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या.

हा प्रसंग आपण शाळेत वाचलेला असतो. पण कान्हेरेंच्या हातातलं पिस्तूल ज्याच्या नावाने ओळखलं जायचं, त्या माणसाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. तो होता जॉन मोझेस ब्राउनिंग.

बंदुकीच्या दुकानात वाढलेला पोरगा

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील बंदुका बनवायचे. शाळेपेक्षा पोराचं मन त्या दुकानातच रमलं. १८७९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं. ती रायफल विंचेस्टर कंपनीने विकत घेतली आणि पुढे बरीच वर्षं तो त्यांच्यासाठी डिझाइन्स करत राहिला.

असं सांगतात, की एकदा गोळी सुटल्यावर समोरचं गवत हवेच्या झोताने वाकलेलं त्याने पाहिलं. ही वाया जाणारी ताकद वापरून बंदूक स्वतःच पुढची गोळी भरेल का, या प्रश्नाने त्याला झपाटलं.

खिशात मावेल असं काय?

त्या काळी स्वसंरक्षणासाठी लोक रिव्हॉल्व्हर बाळगायचे. त्याचं गोल चक्र खिशात फुगायचं आणि बाहेर काढताना मागचा घोडा कापडात अडकायचा.

ब्राउनिंगने गोळ्या मुठीच्या आत, एकावर एक रचल्या. पिस्तूल चपटं झालं. बेल्जियममधल्या लिएज शहराला लागून असलेल्या हर्स्टालच्या 'एफएन' कंपनीशी १८९७ मध्ये त्याचा करार झाला आणि १९०० चं मॉडेल बाजारात आलं. ७.६५ मिमीच्या ७ गोळ्या, वजन ६०० ग्रॅमच्या थोडं वर.

मग एकेक अडचण सुटत गेली. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीसाठी केलेल्या पिस्तुलात त्याने घोडा आत लपवला, म्हणजे कापडात अडकायला काही उरलंच नाही. मूठ नीट आवळल्याशिवाय गोळी सुटणार नाही, अशी सोयही दिली. नंतर आलं जेमतेम ११ सेंटीमीटरचं, ६.३५ मिमीचं पिस्तूल. तळहातात लपेल असं, पण गोळीत फारसा जोर नव्हता. १९१० च्या मॉडेलमध्ये त्याने स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळली, त्यामुळे ते आणखी सडपातळ झालं.

आजही लपवून बाळगायचं पिस्तूल निवडणाऱ्यासमोर हाच पेच असतो. जितकं लहान, तितकं लपवायला सोपं. पण नळी आखूड, पकड अपुरी, नेम धरणं अवघड. ब्राउनिंगने हा पेच मिटवला नाही, त्यातल्या त्यात चांगला मध्य शोधला.

पण खिसा कुणाचा?

ही पिस्तुलं इतकी खपली, की फ्रेंच भाषेत 'ब्राउनिंग' हा पिस्तुलासाठीचा शब्दच होऊन बसला. पण जे पिस्तूल सहज लपतं, ते कुणाच्याही खिशात लपतं.

१९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीनच्या ट्रंकेतल्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुलं भारतात पाठवली. नाशिकची गोळी त्यातल्याच एका पिस्तुलाची, असं खटल्यात धरलं गेलं. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.

२८ जून १९१४ ला साराजेव्होत गाव्ह्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या पत्नीला मारलं, तेही ब्राउनिंगच्या १९१० मॉडेलने. त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं. जर्मन सैन्याने सुरुवातीलाच धडक मारली ती लिएजवर. ज्या कारखान्यातून प्रिन्सिपचं पिस्तूल आलं होतं, तो कारखानाच शत्रूच्या ताब्यात गेला. चार वर्षांनी ब्राउनिंगचा मुलगा व्हॅल अमेरिकन सैन्यातून याच युद्धात उतरला, वडिलांनी बनवलेली मशिनगन घेऊन.

शेवटही कारखान्यातच

२६ नोव्हेंबर १९२६ ला हर्स्टालच्या कारखान्यात, व्हॅलच्या ऑफिसमध्ये, ब्राउनिंगचं हृदय बंद पडलं. वय ७१, नावावर १२८ पेटंट. त्याचं अर्धवट राहिलेलं ९ मिमी पिस्तूल सहकाऱ्याने १९३५ मध्ये पूर्ण केलं. तेच पुढे भारतीय लष्कराच्याही कमरेला आलं.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही. परवाना मिळाल्यावर सामान्य माणूस सहसा घेतो ते .३२ बोअरचं पिस्तूल, आणि त्यातली गोळी ब्राउनिंगचीच, ७.६५ मिमीची. मुठीतला सेफ्टी-कॅच हात नीट बसलाय की नाही एवढंच तपासतो. हात कुणाचा आहे, हे तपासायचं काम ब्राउनिंगने यंत्रावर सोपवलं नव्हतं. ते आजही माणसांनाच, कायद्यालाच करावं लागतं.